ड्रायर फिरतो, पण कपडे वाळत नाहीत

आषाढ लागला की माझ्या नावाने येणाऱ्या पत्रांची तऱ्हाच बदलते. एरवी मिक्सर, गिझर, इस्त्री असं सगळं असतं. पहिल्या आठ दिवसांच्या संततधारेनंतर जो तो ड्रायरवर येतो. मी चिपळूणचा. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांमध्ये उकिडवा बसून वॉशिंग मशीन उघडली. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर दुकान पुतण्याकडे सोपवलं आणि हे पत्रोत्तरांचं काम धरलं.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रं ओळखली जातात. एक म्हणजे सेमी ऑटोमॅटिक मशीनचं शेजारचं छोटं टब. ते कपडे वाळवत नाही, पिळतं. दुसरा खरा ड्रायर. तो कपडे गरम हवेत घोळवून त्यांतल्या पाण्याची वाफ करतो. पत्रात कोणता ते कुणीच लिहीत नाही आणि मला लक्षणांवरून ओळखावं लागतं. दोन्हींना मी एकच प्रश्न विचारतो: कपड्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाट आहे का? तक्रार कसलीही असो, दहातल्या सात वेळा ती वाटच कुठेतरी अडलेली असते.

“काका, आमची सेमी ऑटोमॅटिक नऊ वर्षांची आहे. धुते छान. पण ड्रायरचा टायमर फिरवला की नुसता ‘हूंऽऽ’ आवाज येतो, टब जागचं हलत नाही. झाकण उघडून हाताने फिरवून पाहिलं तर घट्ट लागतं. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, बदलावी लागेल. खरंच गेली असेल का?”
— गृहिणी, देवरुख

ताई, पैसे अजून कपाटातून काढू नका. ‘हूं’ आवाज येतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचते आहे. टायमर, झाकणाचा स्विच, वायरी यांना दोष नाही. बहुतेक वेळा मोटरही शाबूत असते. तिला फिरायचं असतं, पण कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. मात्र ‘होईल सुरू’ म्हणून तिला तशीच हुंकारत ठेवू नका. तशी पाच मिनिटं उभी राहिली तर धडधाकट मोटरही जळेल आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल.

तुमच्या पत्रातली खरी गंमत पुढच्याच वाक्यात आहे. झाकण उघडून टब फिरवलंत तर ते घट्टच लागणार, कारण झाकण उघडलं की ब्रेक लागतो. झाकणापासून एक बारीक तार खाली मोटरच्या डोक्यापर्यंत जाते. झाकण मिटलं की ती ताणली जाते आणि ब्रेकचा पट्टा सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि पट्टा गच्च धरतो. नवशिके मेकॅनिकही इथे फसतात. टब हाताला घट्ट लागलं की ‘बेअरिंग जाम, मोटर जाम’ म्हणून मोकळे होतात.

तपासायचं ते असं. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढा. ड्रायरचं झाकण मिटलेलं ठेवा आणि मागचा पत्रा खोला. ड्रायरच्या टबाखाली मोटर दिसेल, तिच्या माथ्यावर वाटीएवढी चकती. ती बोटांनी फिरवून बघा. शेजारी दोन चपटे डबे वायरींना लटकलेले असतात, त्यांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही ते अंगात वीज धरून असतात.

चकती अलगद फिरली तर त्या डब्यांपैकी लहान, म्हणजे ड्रायरचा कपॅसिटर गेलेला आहे. पंखा नुसता हुंकारतो आणि काठीने ढकलल्यावर फिरायला लागतो, तोच हा आजार. जुन्याच्या अंगावर छापलेला आकडा बघून अगदी तेवढ्याच मापाचा नवा घालून घ्यायचा. मोटरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

चकती घासत, कुरकुरत फिरली तर ब्रेकची तार वर्षानुवर्षांच्या ताणाने लांबली आहे. झाकण मिटलं तरी पट्टा पुरता सुटत नाही. अशा मशीनला आधी काही महिने जळक्या रबराचा वास येत असतो. आठवून बघा, आला असेल. तार ताणून अडकवली की काम झालं.

आणि चकती मुळीच हलली नाही तर टबाच्या बुडाशी काहीतरी अडकलं आहे. कपड्यांवर दाबून बसवायची ती भोकांची प्लास्टिकची चकती असते ना, ती तुम्ही वापरता का? बहुतेक घरांत ती मशीनवर साबणाची वडी ठेवायला वापरतात. ती नसली की फिरताना हलके कपडे वर चढतात आणि आतलं टब व बाहेरची भिंत यांच्या फटीतून खाली उतरतात. गुहागरला एका घरी टब उपसून काढलं, तर शाफ्टला, म्हणजे टब फिरवणाऱ्या दांड्याला, बाळाच्या टोपड्याच्या बंदाने विळखा मारलेला. टोपडं तिथे कितीतरी वर्षं पडून असणार, बंद मात्र अलीकडे सुटून गुंडाळला गेला होता. ज्या बाळाचं ते होतं ते तोवर पहिलीत गेलं होतं आणि माझ्या शेजारी उभं राहून ‘हे कुणाचं?’ म्हणून विचारत होतं.

“ड्रायर सारखा बंद पडायचा म्हणून मेकॅनिकने झाकणाचा स्विच ‘डायरेक्ट’ करून दिला. आता झाकण उघडं असलं तरी फिरतो. काम छान चाललं आहे, फक्त थांबायला जरा वेळ लागतो. काही हरकत आहे का?”
— वाचक, कराड

दादा, हरकत आहे. हा अंक खाली ठेवा, मशीनचा प्लग काढा आणि मगच पुढे वाचा.

सेमीचं ड्रायर टब मिनिटाला साधारण तेराशे फेरे मारतं. म्हणजे सेकंदाला वीसहून जास्त. ओढणीचं टोक, साडीचा काठ, शर्टाची बाही आत लोंबली आणि बोटाला वेढा बसला तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. झाकणाचा स्विच आणि ब्रेक हे दोघे मिळून तुमचा हात राखतात. तुमच्याकडे एकाला मारून टाकलं आहे, आणि ‘थांबायला वेळ लागतो’ म्हणताय म्हणजे दुसराही थकला आहे. झाकण उघडल्यापासून एक ते पंधरा आकडे मोजा. तेवढ्यात टब पूर्ण थांबलं नाही तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरायचं नाही.

‘डायरेक्ट’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घातक शब्द आहे. स्विच हा स्वस्त भाग आहे, पण दुकानात तो नसतो, परत यायचा कंटाळा असतो, गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. मग दोन वायरी पिळून वर टेप मारली जाते. खोटं कशाला बोलू, धंद्यात नवा असताना मीही एकदा केलं आहे. दुसऱ्या दिवशी त्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे हे आठवलं आणि सकाळी सातला स्विच घेऊन तिथे गेलो. तुमच्या मेकॅनिकला हेच सांगा. तो बदलून देत नसेल तर मेकॅनिक बदला.

“ड्रायर सुरू केला की मशीन नाचतं, धडधड करत मोरीतून दारापर्यंत येतं.”
— वाचक, इचलकरंजी

एक जड आणि चार हलके कपडे एकत्र पिळताय. ओला टर्किश टॉवेल एका बाजूला बसला की टब तिकडे झुकतं. टॉवेल असतील तर दोन घाला, समोरासमोर. कपडे वळकटी करून न टाकता कडेकडेने दाबून बसवा, मधे खड्डा राहू द्या. वर ती भोकांची चकती. एवढं करूनही नाचलं तर टबाखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एक तुटली असेल. मोरीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते हेही विसरू नका. मशीनचा एक पाय उचलून घ्यावा लागतो.

“ड्रायर चालू असताना मशीनखालून पाणी येतं. मोटर भिजत असेल का? भिजली तर फेकून द्यायची का?”
— वाचक, राजापूर

ड्रायरच्या टबाचा शाफ्ट जिथून खाली उतरतो, तिथे रबराचं एक झालरीसारखं सील असतं. ते फाटलं की पाणी थेट खालच्या मोटरवर पडतं. ही वाट मात्र पाण्याला मिळता कामा नये. सील आणि त्याच्या आतलं बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी कडी, एकदमच बदलून घ्या, एकेकटं बदललं की सहा महिन्यांत परत तेच.

भिजलेली मोटर फेकायची घाई करू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा पुढचे दोन महिने आम्ही काका-पुतणे फक्त चिखलाने भरलेल्या मोटरी करत होतो. गोड्या पाण्याने धुवायच्या, निथळायच्या, वाळवायच्या. जुलैत ऊन कुठलं? पत्र्याच्या पिंपात 200 वॅटचा बल्ब सोडायचा आणि त्याच्या धगीत मोटरी दोन दिवस ठेवायच्या. आमचा तो घरगुती ड्रायरच म्हणा. मग मेगर लावून वायंडिंगमधून वीज बॉडीत झिरपत नाही ना हे तपासायचं आणि त्यानंतरच वीज द्यायची. निम्म्याहून जास्त चालल्या. न तपासता कुणी ‘वाळली असेल’ म्हणून प्लग लावला, त्यांच्या मोटरी डोळ्यांदेखत गेल्या. तेव्हा तुमची मोटर वाळवायची असेल तर मेगर असलेला माणूस गाठा. मशीनला हात लावल्यावर जरा जरी झिणझिणलं तर तिथेच थांबा आणि अर्थिंग तपासा.

“उंदीर वायर खातात. काय करावं?”
— वाचक, पाली

मशीनच्या बुडाला जाळी बसवा. नवीन मशीनबरोबर ती मिळते. बसवणारा विसरतो आणि ती खोक्यातच राहते, खोकं माळ्यावर जातं. माळ्यावर बघा.

“मुलाने हौसेने वॉशर-ड्रायर घेतला. एकाच यंत्रात धुणं आणि वाळवणं. तीन तास चालतो, कपडे बाहेर काढले की गरमागरम, पण ओले! कंपनीचा माणूस ‘सगळं ठीक आहे’ सांगून गेला. दारावर 8 किलो आणि 5 किलो असे दोन आकडे आहेत, ते कशाचे?”
— निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

साहेब, उत्तर तुमच्या दारावरच छापलेलं आहे. 8 किलो धुणं, 5 किलो वाळवणं. ओले कपडे दाबून बसतात, पण वाळताना त्यांना फुलायला आणि उलटंपालटं व्हायला जागा लागते. आठ किलो धुऊन तेच पुढे वाळवायला लावलं की मधला गठ्ठा नुसता शिजतो. किलो अंदाजाने कळत नाहीत म्हणून सांगतो: दोन डबल चादरी, चार मोठे टॉवेल आणि दोन जीन्स झाल्या की कोरड्या वजनाने पाच किलोच्या घरात आलात. याहून जास्त धुतलं असेल तर निम्मे कपडे बाहेर काढा आणि दोन खेपांत वाळवा.

पण तुमच्या पत्रातली दुसरी एक ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. ‘धुणं झालं की आम्ही शिस्तीने नळ बंद करतो,’ असं तुम्ही लिहिलं आहे. शिस्त चांगली, पण इथे तीच नडते आहे. या जातीची बरीच यंत्रं कपड्यांतून निघालेली वाफ परत पाणी करण्यासाठी गार पाण्याची बारीक धार वापरतात. गार झाकणीवर वाफेचे थेंब धरतात तसंच. नळ बंद केला की झाकणी गार राहत नाही. वाफ ड्रममध्येच फिरत राहते आणि पुन्हा कपड्यांतच मुरते. ‘गरमागरम पण ओले’ याचा अर्थ नेमका हाच. पुस्तिकेत वाळवताना नळ चालू ठेवायला सांगितलं आहे का बघा. सांगितलं असेल तर नळ उघडा ठेवा, आणि सोसायटीचं पाणी दुपारी जात असेल तर वाळवणं सकाळी उरका.

आणखी एक. ड्रममधून काढलेला गरम कपडा हाताला आहे त्यापेक्षा ओला लागतो. एक शर्ट झटकून पाच मिनिटं खुर्चीच्या पाठीवर टाका आणि मग हात लावा. बऱ्याच तक्रारी या पाच मिनिटांत मिटतात.

“आमचा ड्रायर कंडेन्सर जातीचा. हल्ली ‘झालं’ म्हणून लवकर थांबतो आणि कपडे दमट राहतात. पुस्तिकेत ‘कंडेन्सर नियमित साफ करा’ असं लिहिलं होतं म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मागचा पत्रा काढून एक छोटा डबा फडक्याने पुसला आणि पैसे घेऊन गेला. फरक नाही.”
— वाचक, मडगाव

भाऊ, तुमचं पत्र मी पुतण्याला मोठ्याने वाचून दाखवलं. अख्ख्या महाराष्ट्रात काय आणि गोव्यात काय, पंख्याच्या कपॅसिटरला लोक ‘कंडेन्सर’च म्हणतात. बिचाऱ्याने तोच पुसला! तुमच्या ड्रायरचा कंडेन्सर हा वेगळा प्राणी आहे: खालच्या बाजूच्या छोट्या दाराआड बसणारा, पातळ पत्र्यांच्या थरांचा ठोकळा. त्यावर वाफ गार होऊन पाणी बनते. थरांमध्ये कपड्यांचं तूस बसलं की पाण्याची वाट बंद. तो ओढून बाहेर काढा, नळाखाली धुवा, निथळू द्या, परत बसवा. काही मॉडेलांत तो बाहेर निघत नाही. मग ब्रशने जपून झाडायचा. पत्र्यांच्या कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

लवकर थांबण्याचं कारण मात्र दुसरं आहे. ड्रमच्या तोंडापाशी आत दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या दिसतील. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातून किंचित वीज वाहते आणि यंत्राला कळतं, अजून ओलं आहे. फॅब्रिक कंडिशनरचा मेणचट थर या पट्ट्यांवर चढला की वीज वाहत नाही आणि यंत्राला वाटतं, कपडे वाळले. कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून पट्ट्या घासून पुसा. साधं पांढरं घ्या; माडाचं व्हिनेगर सोरपोतेलसाठीच राहू द्या.

तुमचा ड्रायर बिनखिडकीच्या कोठीत आहे आणि आवाज नको म्हणून तुम्ही दार लावून घेता. हे बंद करा. असा ड्रायर वाफेतली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. कोठी तापली की कंडेन्सर गार होणार कशावर? आणि टाकीत जमलेलं पाणी दर खेपेला ओता. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू का, असंही तुम्ही विचारलं आहे. नको. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात तूस आणि साबणाचा अंश असतो. त्याने फरशी पुसा.

“मुलीच्या बाळंतपणासाठी इथे आले आहे. इथे बाल्कनीत दोरी बांधू देत नाहीत, सगळं ड्रायरमध्येच. गेल्या आठवड्यापासून ड्रायर फिरतो पण हवा गार. त्याआधी महिनाभर एका खेपेत वाळत नव्हतं, दोनदा लावावं लागायचं. शिवाय बाळाच्या मालिशचे पंचे कितीही धुतले तरी ड्रायरमधून काढताना तळणीसारखा वास येतो. जावई म्हणतात नवा घेऊ. मला पटत नाही.”
— आजी, एडिसन, न्यू जर्सी (मूळ सांगलीच्या)

ताई, आधी त्या वासाचं बोलू, कारण बाकीचं थांबू शकतं, हे नाही.

मालिशचं तेल कपड्यात राहिलं आणि तो कपडा तापला की तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्वतःच आणखी तापतं. असे गरम पंचे ड्रायरमधून काढून टोपलीत ढीग करून ठेवले, तर आतली उष्णता बाहेर जात नाही, वाढत जाते आणि तासा-दोन तासांनी कुणी काडी न लावताही पेट घेऊ शकते. अमेरिकेत काय, कुठेही. यात जवसाचं तेल सगळ्यात वाईट, करडई आणि तीळही त्याच वाटेवरचे. खोबरेल त्या मानाने शांत. पण कुठलंही तेल असो, मालिशचे पंचे, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतरचे टॉवेल ड्रायरमध्ये घालायचे नाहीत. तळणीचा वास येतो म्हणजे धुतल्यावरही तेल शिल्लक आहे. गरम पाण्यात दोनदा धुवा आणि न्हाणीघरात दांडीवर पसरून वाळवा. पंचे पातळच असतात, रात्रीत वाळतील. तेलकट नसलेले कपडेही शेवटची गार हवेची दहा मिनिटं पूर्ण होऊ दिल्याशिवाय अर्ध्यात काढून गठ्ठा करू नका.

आता गार हवा. तिथला विजेवरचा ड्रायर आपल्यासारख्या एका लाइनवर नसतो. घरात 120 व्होल्टच्या दोन लाइनी येतात. ड्रम फिरवणारी मोटर एकीवर चालते, हीटरला मात्र दोन्ही मिळून 240 लागतात. एक लाइन तुटली की ड्रम फिरतो, दिवा लागतो, हवा गार! जावईबापूंना ब्रेकरच्या पेटीत ड्रायरचा जोड-ब्रेकर पूर्ण खाली पाडून परत वर करायला सांगा. एवढ्यानेच पुष्कळदा ऊब परत येते. परत पडला तर मात्र सारखा वर करत बसू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. (ड्रायर गॅसवरचा असेल तर हे लागू नाही. त्याला गॅसचाच माणूस हवा.)

ब्रेकर ठीक असेल तर बहुधा आतला थर्मल फ्यूज गेला आहे. हा एकदाच जळतो आणि जळून घर वाचवतो. तो का जळला याचं उत्तर तुम्हीच दिलं आहे: महिनाभर दोन-दोन खेपा लागत होत्या. म्हणजे ओली हवा बाहेर जाणारी वाट तुंबली होती, आत उष्णता कोंडली आणि फ्यूज उडाला. नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडेल. फ्यूज ‘डायरेक्ट’ करून देणारे तिथेही भेटतील. कराडच्या दादांना जे सांगितलं तेच त्यांना सांगा.

वाट अशी तपासा. दारातली तुसाची जाळी दर खेपेला साफ करता ना? करत असाल, सांगलीच्या आहात. पण आता तिच्यावर नळाचं पाणी सोडून बघा. पाणी आरपार न जाता जाळीवर तळं करून राहिलं तर ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर टाकतात त्या सुगंधी कागदांचा मेणचट थर बसला आहे. दात घासायच्या जुन्या ब्रशने साबण लावून धुवा. मग ड्रायर चालू करून घराबाहेर जा आणि भिंतीवरची झडप शोधा. ती उघडून हाताला जोराचा वारा लागला पाहिजे. नुसती फुंकर लागत असेल तर ड्रायर आणि झडप यांच्यामधली चार इंची नळी तुसाने भरली आहे. कधी कधी पाखरंही तिथे घरटं करतात. नळी काढून लांब दांड्याच्या ब्रशने साफ करून घ्या. ती पातळ प्लास्टिकची, ॲकॉर्डियनसारखी असेल तर फेकून सरळ पत्र्याची बसवा. वळ्या-वळ्यांत तूस अडकतं आणि तूस म्हणजे पेटायला कापूसच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळाचा हिशेब काढला, तेव्हा घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 निघाल्या आणि कारणांमध्ये पहिला नंबर ‘साफ केलं नाही’ याचा होता.

तुमचं बरोबर आहे. नवा घ्यायची गरज दिसत नाही. आणि बाळंतिणीला सांगा, काकांनी शुभेच्छा दिल्यात.

“पावसाळ्यासाठी खरा ड्रायर घ्यावा का? बिल किती येईल?”
— वाचक, महाड

हिशेब मांडतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया न जाता, साधारण पाऊण युनिटच्या अलीकडे वीज लागते. हीटरवाल्या ड्रायरला प्रत्यक्षात लिटरमागे युनिटभर धरा. हीट पंपवाला, म्हणजे तीच उष्णता परत परत वापरणारा, त्याच्या निम्म्यात भागवतो, पण महाग असतो आणि सावकाश वाळवतो. पाच किलो सुती कपडे मिनिटाला 800 फेऱ्यांनी पिळले तर त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं, 1400 ने पिळले तर अडीच. म्हणजे जास्त पिळल्याने दर खेपेला एक युनिट वाचतं. पिळायला किती लागतं? 200 वॅटची मोटर पाच मिनिटं, म्हणजे एका युनिटचा साठावा भाग. पाणी फिरवून काढणं इतकं स्वस्त आणि उकळून काढणं इतकं महाग.

गंमत अशी की महागड्या टॉप लोड मशीनपेक्षा जुन्या सेमीचं टब कितीतरी जोरात पिळतं. माझ्या घरी अजून सेमीच आहे. बायको म्हणते मेकॅनिकच्या घरी पाहुण्यांना दाखवायला काही नाही. तरीही घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मी ड्रायर घ्याच म्हणेन, तेव्हा पैशाकडे बघू नये. घेतलात तर त्याला 16 ॲम्पियरचा स्वतंत्र पॉइंट द्या, एक्स्टेन्शनवर लावू नका. रेशमी, लोकरी आणि जरीचं त्यात काही घालू नका.

“ड्रायर वगैरे काही नाही, आणि घ्यायचाही नाही. मुलाचा एकच गणवेश आहे. संध्याकाळी भिजून येतो, सकाळी सातला परत हवा. कुबट वास न येता वाळवायचा कसा?”
— एक आई, लांजा

माझी आई शेगडीवर टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर धाकट्याचे लंगोट पसरायची. तुम्हाला शेगडी नको. गणवेश आल्या-आल्या धुवा, बादलीत भिजत ठेवू नका. वास तिथेच धरतो. धुतला की कोरड्या टर्किश टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि मुलाला तिच्यावर उभं करून पाय मारायला सांगा, त्याला आवडेल. टॉवेल चिंब होईल, गणवेश निम्मा कोरडा. मग तो हँगरवर, पंख्याच्या थेट खाली, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा ठेवून. दोरीवर दुमडून टाकलात तर दुमडीखालचा भाग ओलाच राहतो. झोपताना एकदा उलटा करा. सकाळी किंचित ओल असेल तर इस्त्री फिरवा, पण इस्त्रीनंतर लगेच अंगावर न चढवता पाच मिनिटं परत पंख्याखाली धरा. आणि पॅन्टचे खिसे आधीच बाहेर ओढून ठेवा. सगळ्यात शेवटी तेच वाळतात.